खरी चूक दाव

बशीरचाचा आतार कुणाचाही कॉम्प्युटर दुरुस्त करण्याआधी त्याला उद्धट करतात.

मला दुसरा शब्द सुचत नाही. बारामतीत मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान आहे. पाटीवर ‘ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स, कॉम्प्युटर दुरुस्ती’ असं लिहिलंय. तुम्ही लॅपटॉप घेऊन गेलात, की तुमची तक्रार पूर्ण ऐकायच्या आत चाचा उभ्याउभ्याच ब्राउझरच्या सेटिंगमध्ये शिरतात. इंटरनेटचं एखादं पान उघडलं नाही, की ब्राउझर आपल्याला मोठ्या अदबीनं सांगतो, ‘अरेरे! काहीतरी चुकलं. थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न करा.’ सोबत एखाद्या रडक्या ढगाचं चित्र असतं. त्या वाक्यावर आणि त्या ढगावर चाचांचा जुना राग आहे.

“ह्येला काय अर्थ हाय? कायतरी चुकलं! डॉक्टरकडं जाऊन आपन म्हनतो का, डॉक्टर, माज्यात कायतरी चुकलंय, थोड्या येळानं परत येतो? गोड बोलून टोलवतंय बेनं!”

जुन्या ब्राउझरमध्ये म्हणे सेटिंगच्या लांबलचक यादीत एक खूण असायची. चुकांचे संदेश सौम्य भाषेत दाखवायचे की नाही, याची. चाचा पहिल्यांदा ती काढून टाकायचे. नव्या ब्राउझरमध्ये ती सोय राहिलेली नाही, म्हणून ते एफ-बाराचं बटण दाबतात. मग पडद्याच्या कडेला एक कप्पा उघडतो आणि ब्राउझरच्या पोटातलं सगळं दिसायला लागतं. त्यानं काय मागितलं, काय मिळालं, कुठं नकार आला, सगळं. तिथंही चाचांच्या दोन खुणा ठरलेल्या. एक, पान बदललं तरी आधीच्या नोंदी पुसायच्या नाहीत. दुसरी, जुनं साठवलेलं काही दाखवायचं नाही, दर वेळी ताजं आणायचं. एवढं झालं की पडद्यावर लाल ओळींचा पाऊस सुरू होतो आणि चाचांचा चेहरा खुलतो.

“हां! आता बोल. खरी चूक दाव.”

दुकानातल्या कीबोर्डवरची बाकी अक्षरं शाबूत आहेत. एफ-बाराचं तेवढं पुसून गेलंय.

मी कऱ्हाटीची. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. त्यामुळे कॉलेजात काही अडलं तर कुणाला विचारायचं, हेच मला कळत नसे. चाचांच्या घरामागच्या खोलीत आम्ही तिघी मुली भाड्यानं राहतो. पुढं दुकान, मध्ये चाचा-चाचींचं घर, मग छोटंसं अंगण आणि मागं आम्ही. सुरुवातीला एकदा कॉलेजचं पान माझ्या लॅपटॉपवर उघडेना. दुकानाच्या दारात जाऊन मी उभी राहिले. दुकानात गर्दी होती. “काही नाही, नंतर येते,” असं म्हणून मी वळले.

“काय न्हाय म्हंजे? पान उघडतंय?”

“नाही.”

“मंग काय न्हाय कसं? ये हिकडं. कुठं अडतंय? कवापास्नं? त्याच्या आदी काय केलतंस?”

“मी काहीच केलं नव्हतं.”

चाचा दुकानातल्या सगळ्यांकडं बघून म्हणाले, “ऐका! कुनीच कवा काय केलेलं नसतंय.”

मी केलं होतं. जाहिराती दिसू नयेत म्हणून काहीबाही जोडण्या, म्हणजे एक्स्टेंशन, ब्राउझरला लावल्या होत्या. चाचांनी त्या एकेक करून बंद केल्या. दर वेळी एकच बंद करायची, पान उघडून बघायचं, मग पुढची. मला घाई होती. मी म्हटलं, सगळ्या एकदम बंद करा ना. तर म्हणाले, “मनीषे, दोन गोष्टी एकदम बदलल्या की चोर सापडत न्हाय. पान उघडंल, पन कशानं उघडलं ते कळायचं न्हाय. एका टायमाला एकच.”

हा त्यांचा मोठा नियम. दुसरा नियम खासगी खिडकीचा. ब्राउझरमध्ये अशी एक खिडकी उघडता येते, की जिच्यात आपली जुनी ओळख, जुन्या भेटीगाठी, काहीच सोबत जात नाही. समोरच्या पानाला वाटतं, हे कोणीतरी नवीनच आलंय. “कोऱ्या मानसासारखं जायचं,” चाचा सांगतात. “तरीबी पान उघडलं न्हाय, तर खोट पानात. उघडलं, तर खोट आपल्यात. आपल्या मागच्या साठवनीत.”

या सगळ्यात चाचा बसलेले मी कधी पाहिले नाहीत. दुकानात खुर्च्या आहेत. त्या गिऱ्हाइकांसाठी. चाचा एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर, तिथून झेरॉक्स मशीनवर, तिथून बाहेर रस्त्यावर, पुन्हा आत. कधी चुकून टेकलेच, तर त्यांचा उजवा गुडघा असा हलतो की टेबलावरचा माउस सरकतो.

एकदा कऱ्हाटीचे आमच्या ओळखीचे तात्या लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून घेऊन आले. ऊस नोंदीचं पान उघडत नव्हतं. गावात सगळ्यांनी त्यांना नेट स्लो आहे म्हणून सांगितलं होतं. चाचांनी एफ-बारा दाबलं. लाल ओळी धडाधड खाली यायला लागल्या. तात्या घाबरले.

“आरं बशीर, हे तर आनखीच बिघडलं!”

“बिघडलं न्हाय तात्या. आता बोलाय लागलं. मगापास्नं लाजत हुतं.”

निघालं काय, तर लॅपटॉपची तारीखच मागची होती. तात्यांच्या नातवाचा एक फुकटचा खेळ महिना संपला की बंद पडायचा. म्हणून त्यानं महिना संपूच दिला नव्हता. तारीख मागं नेऊन ठेवली होती. आणि मागच्या तारखेवरून आलेल्या माणसाला पान ओळख देईना.

तात्यांनी लॅपटॉप पुन्हा टॉवेलात गुंडाळला. मग म्हणाले, “म्हंजी आमच्या घरात मी एकटाच ह्या म्हैन्यात हुतो व्हय?”

चाचांचं हे वेड कॉम्प्युटरपुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. पण ते माणसांनाही एफ-बारा दाबतात. लग्नात जेवण कसं झालं असं यजमानानं विचारलं, तर सगळे ‘झकास’ म्हणतात. चाचा म्हणतात, “भातात मीठ कमी, आन पंगत उशिरा बसली.” कुणी बरं वाटत नाही म्हटलं की लगेच, “कुठं? कवापास्नं? आदी काय खाल्लंतं?” आमच्या खोलीतली एकजण एकदा घरच्या आठवणीनं अंगणात रडत होती. चाचांनी तिला कारण विचारून विचारून असं भंडावलं, की तिचं रडणं राहिलं बाजूला आणि ती रागावून आत गेली.

तेव्हा हमीदाचाची पायरीवर बसल्या होत्या. त्या हसून म्हणाल्या, “रडू द्यायचं हुतं की घडीभर. लगी पाना घिऊन आलं!”

चाचींबद्दल मला आधीच सांगायला हवं होतं. दुपारी ऊन कललं की त्या अंगणात बाजेवर बसायच्या आणि दोन कप चहा करायच्या. एक स्वतः घ्यायच्या. दुसऱ्यावर बशी झाकून ठेवायच्या. चाचा दुकानातून येणार, बशी उचलणार, उभ्यानंच दोन घोट घेणार, अंगणातल्या नळाचं वॉशर बघणार आणि परत जाणार. उरलेल्या चहावर साय धरायची. चाची तो कप उचलून आत न्यायच्या. हे मी रोज बघत होते. त्यात बघण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नव्हतं.

चाचींचं माहेर इंदापूर तालुक्यातलं शेळगाव. भाच्याच्या लग्नाला म्हणून त्या तिकडं गेल्या. चाचा लग्न लावून त्याच दिवशी परतले. चाची चार दिवसांनी येणार होत्या. बाकीचे पाहुणे आपापल्या घरी गेले, भाच्याची नवी नवरी माहेरी जाऊन परत सासरी आली, तरी चाची आल्या नाहीत.

चाचांची तगमग तेव्हापासून सुरू झाली. दुकानातली टेबलं त्यांनी आधी भिंतीला लावली, मग मध्ये ओढली, मग परत भिंतीला. जे कॉम्प्युटर धड चालत होते ते उघडून पुसले. माझ्या ब्राउझरची साठवण त्यांनी इतक्यांदा साफ केली, की सगळीकडं मला पुन्हा पुन्हा पासवर्ड टाकावे लागले. मध्येच दुकान सोडून ते एसटी स्टँडवर जात, इंदापूरच्या गाडीची पाटी बघत आणि परत येत. दुपारी अंगणात यायचे, बाजेकडं बघायचे, नळाचं वॉशर बघायचे.

गल्लीतलं कोणी विचारलं, “चाची कुठं दिसत न्हाईत?”

“माहेरी हाय. बरं हाय सगळं. येतीय दोन-चार दिसांत.”

प्रत्येकाला हेच वाक्य. त्याच सुरात. मला ते कुठंतरी ऐकल्यासारखं वाटायचं. एकदा झेरॉक्स काढताना लक्षात आलं. हा तर रडका ढग होता.

मी फार धीट मुलगी नाही. वर्गात उत्तर येत असलं तरी माझा हात वर जात नाही. पण त्या दिवशी दुकानात कोणी नव्हतं, आणि चाचा चालू असलेला पंखा बंद करून पुन्हा चालू करत होते.

“चाचा,” मी म्हटलं, “खरी चूक काय आहे?”

“कसली?”

“चाचींची.”

चाचांनी पंखा बंद केला. 

“ठावं न्हाय,” ते म्हणाले. “फोन केला तर म्हनती, काय न्हाय, येते. मी म्हनलं, काय न्हाय म्हंजे काय, खरं सांग. तर फोन ठिवला. लग्नाच्या आदी गुडघं दुखत्यात म्हनत हुती. मी लगी पट्टा आनला. त्याल आनलं. पायरी मोडून उतरती करून घेतली. शेळगावला गाडीतनं उंच खुर्ची पाठवली. काल शेकायची पिशवी पाठवली.”

“एकदम एवढं?”

“मंग?”

“तुम्हीच म्हणता ना, एका वेळी एकच.”

चाचांचा हात पंख्याच्या बटणावरच राहिला. मला वाटलं, रागावले. मी पुस्तक उचलून निघायच्या बेतात होते.

“मनीषे,” ते म्हणाले, “तू जाशील?”

“मी?”

“तुजं तितं काय जुनं साठलेलं न्हाय. मी गेलो की मागचं सगळं संगं जातंय. तू कोऱ्या मानसासारखं जा. बोलती का बघ. तुज्याशी बोलली, तर खोट माझ्यात.”

म्हणजे मला चाचांनी खासगी खिडकी केलं होतं.

रविवारी आम्ही इंदापूरची गाडी धरली. चाचांना खिडकीची जागा मिळाली होती, तरी ते निम्मा रस्ता उभेच होते. रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या आडव्या आल्या की ते वाकून ड्रायव्हरकडं बघायचे. शेळगावला उतरल्यावर त्यांनी स्टँडसमोरच्या टपरीकडं बोट केलं.

“मी हितं थांबतो. माझं नाव काढू नगंस.”

चाचींच्या भावाचं घर लांब नव्हतं. दस्तगीरमामा दारात शेळीला पाला घालत होते. मला बघून त्यांनी आत हाक मारली, “हमीदा, बारामतीचं मेकॅनिक आलं बघ. या टायमाला बारकं धाडलंय.”

चाची बाहेर आल्या. मला बघून त्यांचा चेहरा असा फुलला, की मला कसंतरीच झालं. त्यांनी मला शेजारी बसवलं, परीक्षा विचारली, खोलीतल्या पोरी भांडतात का विचारलं, शेंगदाणे-गूळ पुढं ठेवला. अंगणाच्या कोपऱ्यात ती उंच खुर्ची होती. तिच्यावर कोंबडी बसली होती.

पान उघडलं होतं. पण पुढं काय विचारायचं, ते मला सुचेना. मी शेंगदाणे सोलत बसले.

चाचीच म्हणाल्या, “कुठं हुबं केलंस त्येंना? टपरीवर?”

मी मान हलवली.

“बसल्यात का हुबंच?”

“उभेच असतील.”

चाची हसल्या. मग हसू गेलं.

“बाळ, माझं काय भांडान न्हाय त्यांच्याशी. मानूस वाईट न्हाय. जीव लावणारं हाय. पन गुडघं दुखत्यात म्हनलं की उटून जात्यात आन पट्टा आनत्यात. करमत न्हाय म्हनलं तर उटून गेलं आन टीव्ही नीट केला. माजी अम्मा गेली तवा मी रडत बसले, तर ह्येनी घरातलं समदं दिवं बदललं. उजेड कमी हाय म्हनं. मी काय नीट करून मागतीय का? मला वाटतंय, बसावं. माज्यापाशी घडीभर बसून चा प्यावा. त्यो कप मी किती वर्सं झाकतीय. हितं आले तर भाऊ बसतोय, भावजय बसतीय. कोन बोलत न्हाय, नुसतं बसत्यात. मंग पाय निघना.”

“हे चाचांना कधी सांगितलंत का?”

“सांगितलं असतं तर उटलं असतं आन बाकडं आनलं असतं.”

परत टपरीकडं येताना मी वाक्य जुळवत होते. चाची मजेत आहेत, तुमची आठवण काढत होत्या, येतील लवकर. हे वाक्य मला फार चांगलं जमत होतं. सगळं आयुष्य मी अशीच वाक्यं बोलत आले आहे. घरी विचारलं, जमतंय का कॉलेज, तर जमतंय. खोटंही नाही, खरंही नाही.

चाचा टपरीबाहेर येरझाऱ्या घालत होते. टपरीवाल्याचा रेडिओ उघडा होऊन बाकावर पडला होता.

“बोलली?”

“बोलल्या.”

“चांगलं बोलली?”

“हो.”

“मंग खोट माझ्यात,” चाचा म्हणाले. “कुठं? सांग. लाजू नगंस.”

मी सांगितलं. कपाचं, बशीचं, अम्मा गेल्या तेव्हाच्या दिव्यांचं. सगळं सांगितलं. सौम्य काही केलं नाही.

चाचा ऐकत होते. ऐकून झाल्यावर इकडंतिकडं बघायला लागले. “बाजंवर बसायला तिला तरास हुत आसंल. हितं एक सुतार हाय वळखीचा, एखादं बाकडं...”

“चाचा,” मी म्हटलं, “बसा.”

 चाचा बाकावर, उघड्या रेडिओशेजारी बसले. गुडघा हलायला लागला. रेडिओचे स्क्रू बाकावर नाचायला लागले. टपरीवाल्यानं धावत येऊन ते गोळा केले.

“मला वाटायचं,” चाचा खाली बघून म्हणाले, “दुखनं सांगितलं आन आपन नुसतं बसलो, तर तिला वाटंल ह्येला काय पडलेलंच न्हाय.”

मीही बाकावर टेकले. नुसती बसले.

थोड्या वेळानं ते उठले. वाटेत एक वाणसामानाचं दुकान लागलं. चाचा थांबले, आत बघितलं. “बिस्किटं तरी...” म्हणाले, आणि माझ्या तोंडाकडं बघून पुढं चालू लागले. दोन्ही हात रिकामे होते. त्या हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. कधी ते मागं बांधत, कधी खिशात घालत.

दस्तगीरमामा त्यांना बघून काहीतरी टोमणा मारणार होते. पण चाचा सरळ आत गेले आणि चाचींच्या शेजारी बाजेवर बसले. कोणी बसा म्हणायच्या आधीच. मामा पाल्याची पेंढी हातात धरून तसेच राहिले.

चाचींनी त्यांच्याकडं बघितलं नाही. आत जाऊन चहा टाकला. सगळ्यांना दिला. चाचांच्या कपावर सवयीनं बशी झाकायला गेल्या आणि थांबल्या. कप तसाच त्यांच्या हातात दिला आणि बाजेवर शेजारी बसल्या.

कोणी बोलत नव्हतं. बाहेरून ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज लांब गेला. चाचांची नजर एकदा अंगणातल्या नळावर गेली. नळ गळत होता.  चाचांनी मान दुसरीकडं वळवली. तिकडं कोंबडीची खुर्ची होती. मग त्यांनी कपातच बघितलं.

तेवढ्यात फोन वाजला.  चाचांचा हात खिशापर्यंत गेला, फोन बाहेर आला. पडद्यावर तात्यांचं नाव होतं. वाजत राहिला.

“घ्या की,” चाची म्हणाल्या. “कुनाचं तरी अडलं आसंल.”

चाचांनी फोन बाजेवर पालथा घातला.

“कायतरी चुकलं आसंल,” ते म्हणाले. “थोड्या येळानं परत प्रयत्न करतील.”

माझा चहा सांडता सांडता राहिला. चाचींना यातलं काही माहीत नव्हतं, पण त्यांनी पहिल्यांदा नवऱ्याकडं नीट बघितलं.

फोन वाजून वाजून बंद झाला. चाचांचा उजवा गुडघा मात्र हलतच होता, आणि त्याबरोबर सगळी बाज, आणि बाजेवर चाची. चाचींनी शेंगदाण्यांची भरलेली ताटली उचलली आणि त्या गुडघ्यावर ठेवली.

“धरा,” त्या म्हणाल्या. “सांडू नगा.”

गुडघा थांबला.